जिनेकर

आडनाव कुलकर्णी असो नाहीतर शिंदे, न्यू जर्सीतल्या या मंडळींना आपण सोयीसाठी जिनेकर म्हणू. सत्यनारायणाला बाकीचे लोक प्रसादाकडे वळतात तेव्हा जिनेकर यजमानांच्या जिन्यापाशी उकिडवे बसलेले असतात आणि कार्पेटचा कोपरा अंगठ्यानं उचलून खाली काय आहे ते बघत असतात. यजमानांना वाटतं, यांचं काहीतरी हरवलंय.

अमेरिकेतल्या उपनगरी घरांत जिन्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असणं ही फार नवलाची गोष्ट नाही. जॉर्जियातलं डाल्टन नावाचं गाव तर कार्पेटवरच उभं राहिलं. बिल्डरलाही ते सोयीचं पडतं, कारण कार्पेटखाली साधं पाइन किंवा दाबलेल्या भुश्श्याची फळी ठोकली तरी कुणाला कळत नाही. मात्र काही जुन्या घरांत कार्पेट काढल्यावर खाली अस्सल ओक निघतो, आणि असा एखादा किस्सा जिनेकरांच्या कानावर आलेला असतो. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

शनिवारी सकाळी पक्कड घेऊन ते बसतात. कार्पेट निघतं, त्याखालचा फोम निघतो, कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या बोटांत घुसून निघतात. मग दिसतात स्टेपल. दुपारपर्यंत दोन पायऱ्या मोकळ्या होतात. खाली ओक नसतोच. रंगाचे शिंतोडे उडालेलं पाइन असतं आणि त्यावर कुठल्याशा सुताराची पेन्सिलीतली बेरीज. जिनेकर ती बेरीज तपासतात. स्वभाव आहे.

कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकल्यावर "एवढ्यात नाशकात घर झालं असतं" हे वाक्य होतं आणि काम घरीच करायचं ठरतं. एक्सेल उघडतं. रेड ओकच्या पाऊण इंची फळ्या जुन्या पायऱ्यांवर बसवायच्या, एवढाच बेत. पण जिनेकर कोड वाचणारे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीप्रमाणे पायरी पावणेआठ इंचांहून उंच नको आणि सगळ्यात उंच नि सगळ्यात बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचाहून जास्त फरक नको. हा नियम उगाच केलेला नाही. चढताना पाय उंची मोजत नाही, मागच्या पायरीवरून पुढची गृहीत धरतो आणि तिथेच माणूस अडखळतो. आता साडेसात इंची जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाऊण इंच चढवला, तर मधल्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहतात; पण पहिली सव्वाआठ होते आणि शेवटची पावणेसात. म्हणजे दीड इंचाचा घोळ!

यावर सरळ उपाय म्हणजे जुन्या फळ्या उपटून नव्या बसवणं. जिनेकरांना दुसरा सुचतो: वरचा आणि खालचा मजलाही पाऊण इंच उंच करायचा. वहिनी त्या दिवशी जेवणात मीठ घालायला विसरतात.

महिन्याभरानं पॉलिशची वेळ येते. जिना तर रोज वापरायचा, म्हणून एकाआड एक पायरी रंगवायची, ती वाळली की उरलेल्या. मुलांना हा खेळच. पण सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आई वरच्या खोलीत असते.

"आई, उद्यापर्यंत एक सोडून एक पायरी उतर हं."

"अरे, गुडघ्यांना एकेक झेपेना, आणि एक सोडून एक?"

आईचा चहा त्या दिवशी वर जातो.

जिना होतो मात्र देखणा. हे मान्य करायलाच हवं. रेड ओकमध्ये पोलादी गोळी अर्धी रुतवायला 1290 पौंड जोर लागतो, हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. तोटे हळूहळू समजतात. कार्पेट पावलांचा आवाज गिळत असे. आता रात्री लाडवाच्या डब्याकडे कोण निघालंय ते अख्ख्या घराला कळतं, आणि बहुतेक वेळा ते जिनेकरच असतात. एकदा पायमोजे घातलेली आई वरून तिसऱ्या पायरीवर घसरते. लागत काही नाही, पण वहिनी त्याच संध्याकाळी प्रत्येक पायरीला चिकटवायचे कार्पेटचे तुकडे मागवतात.

तेव्हापासून पाहुणे आले की जिनेकर एक तुकडा उचलून खालचा ओक दाखवतात, तुकडा पुन्हा नीट दाबून बसवतात आणि म्हणतात, "या ना वर, घर दाखवतो. फक्त कठड्याला धरू नका, हलतोय. पुढच्या उन्हाळ्यात तोच काढायचाय."