पर्यायराव

हिंगोली जिल्ह्यात घर बांधायचा विचार हळद विकल्यावर सुरू होतो. पोती काट्यावरून उतरली, पट्टी हातात पडली, की माणसं आधी सोनाराकडे जातात आणि मग पर्यायरावाकडे. पर्यायराव हे आम्ही ठेवलेलं नाव. पाटीवर ‘प्लॅन, एस्टिमेट, परवानगी, थ्रीडी’ एवढंच लिहिलेलं असतं. वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठंही जा. तहसीलच्या आसपास, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत असा एक असतोच.

पुण्यात नोकरी करून परतताना तो रेव्हिट नावाचं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घेऊन आला, आणि त्यातली ‘डिझाइन ऑप्शन्स’ नावाची सोय. जुन्या प्लॅनवाल्यांच्या कॉम्प्युटरात एकाच घराच्या ढीगभर फायली: ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल आईच्या म्हणण्याप्रमाणे’. पर्यायराव त्यांना हसतो. त्याच्याकडे एका घराची एकच फाइल. तिच्यात मुख्य मॉडेल, म्हणजे ज्यावर भांडण नाही तो भाग: जोतं, कॉलम, बाहेरच्या भिंती. भांडणाच्या प्रत्येक विषयाचा वेगळा सेट. जिना आतून की बाहेरून, संडास घरात की परसात, स्वयंपाकघर आग्नेयेला की जिथं वारा येतो तिथं. सेटमध्ये हवे तेवढे पर्याय. त्यातला एक प्रायमरी, बाकीचे सेकंडरी. आर्किकॅड या हंगेरीच्या सॉफ्टवेअरला ही सोय आणायला २०२३ साल उजाडलं, हे तो फार अभिमानानं सांगतो. हंगेरीत सासू-सुना एकत्र राहत नसाव्यात.

सगळं घोडं पेंड खातं ते ‘सेकंडरी’पाशी. सुरुवातीला त्यानं एका आजींना सरळ सांगितलं, की तुमचं देवघर सध्या सेकंडरीत आहे. आजी म्हणाल्या, “जमीन माझ्या नावावर हाय, अन् मी सेकंडरी?” त्या दिवसापासून हा शब्द त्यानं गिऱ्हाइकासमोर काढलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये एखादं दृश्य एकाच पर्यायाला बांधून ठेवता येतं, ही बारीक सोय त्याला तेव्हा सापडली. आता आजींच्या नातवाच्या मोबाइलवर जातं ते ईशान्येला देवघर असलेलं घर. थोरल्याला जातं ते बाहेरून जिना असलेलं, वरचा मजला भाड्यानं देण्याजोगं. धाकट्याच्या घरापुढं अजून न घेतलेल्या गाडीची शेड असते. महिनाभर घरात कोणी कोणाशी भांडत नाही. जो तो मनातल्या मनात जिंकलेला असतो.

खोटं उघडं पडायचं ते एस्टिमेटला. दारं-खिडक्यांचा तक्ता काढला, की वेगळं सांगेपर्यंत सॉफ्टवेअर मुख्य मॉडेल आणि प्रायमरीतलंच मोजतं. बाकीची स्वप्नं हिशेबात धरत नाही. म्हणून प्रायमरी कुणाचं करायचं, हे पर्यायराव नकाशा बघून ठरवत नाही. हळदीचा भाव बघून ठरवतो. भाव चढला की ‘वरचा मजला’ प्रायमरी. उतरला की ‘पुढं बघू’. हे त्यानं एका पर्यायाला दिलेलं खरंखुरं नाव आहे: स्लॅब टाकायचा, कॉलमच्या सळया हातभर वर सोडायच्या आणि थांबायचं. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मान वर करून बघा. गच्च्यांवर गंजत उभे असलेले सगळे ‘पुढं बघू’ दिसतील.

चहा आला की तो औंढ्याच्या देवळावर घसरतो. नागनाथासमोर नामदेव महाराज भजनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं पिटाळलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. म्हणून तिथला नंदी देवळाच्या पाठीमागं आहे, ही कथा इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पर्यायरावाचं निदान वेगळं. “देऊळ ऑप्शनमध्ये होतं, नंदी मेन मॉडेलमध्ये राहिला.” हे तो भक्तिभावानं म्हणतो, त्यामुळं कोणाला राग येत नाही.

त्याच औंढा तालुक्यात लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. तिकडं काही काम मिळतं का, असं कोणी विचारलं तर पर्यायराव मान हलवतो. “चार म्हणजे चार किलोमीटर. तिथं घासाघीस चालत नसती.”

सगळ्या पर्यायांना पुरून उरतो तो मिस्त्री. मुहूर्ताला तो फक्की घेऊन येतो, मोबाइलमधलं एकही घर बघत नाही. कागद उलटा-सुलटा धरून म्हणतो, “जिना इथं बसतच नसतो, साहेब,” आणि पांढरी रेघ तिसरीकडंच मारतो. पर्यायराव वाद घालत नाही. संध्याकाळी गुपचूप त्या रेघेचा नवा पर्याय काढतो आणि प्रायमरी करून टाकतो.

एक गोष्ट मात्र तो कधी करत नाही. ‘ॲक्सेप्ट प्रायमरी’ नावाचा एक हुकूम आहे. तो दिला की प्रायमरी मुख्य मॉडेलात मिसळतो आणि सेटमधले उरलेले पर्याय कायमचे पुसले जातात. शिस्तीचे आर्किटेक्ट काम ठरलं की हे करतात, नाहीतर फाइल जड होते. पर्यायरावाची फाइल उघडेपर्यंत माणूस खाली जाऊन पान खाऊन येतो. पण पुसणं नाही.

त्याचं कारण आजींच्या त्याच घरात कळतं. प्लॅन चालू असताना धाकट्या सूनबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता विचारलं होतं, “दादा, इकडून एक दार निघंल का? नुसतं बगायचंय.” त्यानं पश्चिमेला एक दार आणि दुसरं स्वयंपाकघर काढून ठेवलं. सेटचं नाव दिलं ‘अडगळीची खोली’. वास्तुशांतीनंतर दोन वर्षांनी दोघं भाऊ आले, वेगवेगळ्या मोटारसायकलींवर, आणि वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसले. पर्यायरावानं गंभीर चेहरा करून सांगितलं, की दोन चुली बसवणं अवघड काम आहे, आठ दिवस लागतील. फी नव्या कामाची घेतली. ते जिना उतरल्यावर फाइल उघडली. सगळं तयारच होतं, दारासकट. फक्त देवघर कुणाच्या बाजूला, हे राहिलं होतं. त्यानं नवा सेट उघडला.