उलटतपासणी

चंब्याहून परतलेल्या माणसाला रुखवतापासून लांब ठेवावं, यावर आमच्या घरात आता एकमत आहे.

हिमाचलातल्या चंब्याचा रुमाल हा नाक पुसायचा नव्हे. लग्नकार्यातल्या भेटींच्या, देवाच्या नैवेद्याच्या ताटावर झाकायचा. पहाडी चित्रकार मलमलीवर कोळशानं रासमंडळ रेखून देत आणि बायका ते पीळ न दिलेल्या रेशमानं भरत. अठराव्या शतकात या कामाला राजाश्रय होता. टाका दोरुखा, म्हणजे सुई जाता-येता दोन्ही अंगं सारखीच भरते. कृष्ण इकडून जसा तसाच तिकडून, आणि गाठ कुठंच नाही. १९०८ साली स्थापन झालेल्या तिथल्या भूरिसिंह संग्रहालयातून बाहेर पडलो तो थेट तज्ज्ञ होऊन.

पुढच्याच महिन्यात भाच्याचं लग्न. मुलाचा मामा म्हणून मला मान होता. तो होता तोवर मी रुखवतापाशी पोचलो. करंज्यांच्या ताटावर भरतकामाचा जुना रुमाल. मुलीच्या पणजीच्या हातचा, असं कुणीतरी कौतुकानं सांगितलं. मी तो उचलून उलटा केला.

"वरून छान आहे," मी म्हणालो, "पण मागं सगळा गुंताच आहे. गाठी लपवल्यात!"

आवाज माझा मुळातच मोठा. वाक्य जानवशात पोचेपर्यंत त्यातला रुमाल गळून पडला होता. 'मुलाचे मामा म्हणतात, घराण्यात मागं काहीतरी गुंता आहे, लपवलाय.' बहीण पातळ सावरत धावत आली. व्याही जेवणाच्या पंगतीचं बघत होते, ते बघायचे थांबले.

मुलीच्या आजी मात्र शांत. त्यांनी पिशवीतून अर्धवट भरलेला रुमाल आणि सुई काढली. "बसा मामा. गाठ न मारता एक पाकळी भरून दाखवा."

मी मांडी घालून बसलो, रुमाल मांडीवर पसरला. चष्मा घरी. तरी पाकळी जमली हो! तेवढ्यात मंगलाष्टकांसाठी मामांचा पुकारा झाला. उठलो, तर रुमालही उठला. काम अस्सल दोरुखं झालं होतं: एक अंग रुमालावर, दुसरं माझ्या रेशमी झब्ब्यावर.

कात्री शोधायला मुहूर्त थांबेना. भाच्याच्या मागं तसाच उभा राहिलो. मुलीकडच्या गुरुजींनी ती आमच्याकडची रीत समजून रुमालावर दोन अक्षता टाकल्या.