न्हाणीघरातले वस्तुसंग्रहालय

शोभेच्या वस्तू न्हाणीघरात मांडाव्यात की नाही, हा प्रश्न तिसगावात अजून ऐरणीवर आलेला नाही. पण येणार हे नक्की. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गाच्या कडेने स्लॅबची घरे झाली, त्यांत छतापर्यंत टाइल्स लावलेले बाथरूम आले, दिवाणखान्यातले शोकेस मात्र होते तेवढेच राहिले. त्यात मढीच्या यात्रेतून रेवड्यांबरोबर आणलेल्या काचेच्या बाहुल्या आहेत, लग्नात आलेली आणि कधीच न लावलेली घड्याळे आहेत आणि घरात कुणी सरपंच, गुरुजी, सोसायटीचा चेअरमन किंवा नुसताच उत्साही माणूस असेल तर स्मृतिचिन्हे आहेत. दर सत्कारात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळते. नारळ खाऊन संपतो. शाल पुढच्या सत्कारात दुसऱ्याच्या खांद्यावर चढते. स्मृतिचिन्हावर मात्र नाव छापलेले असते, त्यामुळे ते पुढे सरकवता येत नाही, आणि स्वतःचेच नाव भंगारात घालायला हात धजावत नाही. ते साचत जाते. या साठ्याला घरात न्याय देणारी जागा एकच आणि ती म्हणजे न्हाणीघर, असे या मार्गदर्शनाचे म्हणणे आहे. फक्त तिथे काय मांडायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकाला नाही. तो पाण्याला आहे.

आधी जागेविषयी. प्रदर्शनाला प्रेक्षक लागतो आणि दिवाणखान्यातला प्रेक्षक बेभरवशाचा. तो शोकेसकडे पाठ करून बसतो, चहा घेतो, उसाच्या पहिल्या उचलीवर बोलतो आणि निघताना ‘छान आहे हं घर’ म्हणतो. न्हाणीघरात कडी आतून लागलेली असते, मोबाइल बाहेर राहिलेला असतो आणि डोक्याला साबण लागेपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय या जागेची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच पाहा. दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि 1962 साली तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे 20 हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि दिवे-अडकित्त्यांच्या जोडीने वज्रीही आहेत. वज्री म्हणजे टाचा घासायचे साधन: तळ खडबडीत, वर मुठीच्या जागी पितळेचा पक्षी नाहीतर हत्ती. टाचेच्या भेगांसाठी एवढी कारागिरी करणाऱ्या समाजाला न्हाणीघर सजवायचे नवे धडे देण्याची गरज नसावी. न्यूयॉर्कमध्ये 1917 साली मार्सेल द्युशाँ याने मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवले आणि आयोजकांनी ते मांडायचे टाळले. पुढे दिल्लीत 1992 साली सुलभ संस्थेने शौचालयांचे अख्खे संग्रहालयच काढले. म्हणजे शंभरेक वर्षे संग्रहालये न्हाणीघराकडून उसनवारी करत आली आहेत. आता थोडी परतफेड झाली तर बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दमटपणाचा. कागद वाकतो, लोखंड गंजते, पोस्टाची तिकिटे एकमेकांना चिकटतात, प्रशस्तिपत्रकाच्या काचेआड बुरशीचे नकाशे उमटतात. आक्षेप खरा आहे, पण तो चिपळूणला जाऊन घ्यावा. तिसगावचा पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत ओला टॉवेल दोरीवर टाकून आत जाऊन यावे तर तो वाळलेला असतो. हवा कोरडी ठेवण्यासाठी मोठी संग्रहालये यंत्रे बसवतात. ते काम इथे निसर्ग फुकट करतो, आणि तक्रार करूनही थांबवत नाही. खरा धोका दमटपणाचा नसून क्षारांचा आहे. बोअरचे पाणी उडाले की काचेच्या मोरावर पांढरा थर चढतो आणि सहा महिन्यांत त्याचे बदक होते. त्यावर उपाय एवढाच, की काच आणि लाकूड नळाच्या उंचीच्या वर ठेवावे. खाली फक्त पितळ, तांबे आणि स्टील. चिंचेने घासले की पितळ-तांबे पुन्हा उजळतात, स्मृतिचिन्ह उजळत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे शहरी मासिकांतल्या सजावटीच्या सल्ल्यांची गाडी रुळावरून घसरते. शिंपले, सुगंधी मेणबत्त्या, बांबूची रोपटी हे सगळे जिथे तोटी फिरवली की पाणी येते तिथले सामान आहे. जिथे पाणी अजिबात येत नाही तिथलाही एक संग्रह आहे. 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, 12 हजार रुपये अनुदानाची शौचालये बांधली गेली, आणि त्यांतल्या कितीतरी शौचालयांत गोवऱ्या, सरपण, कडबा आणि फवारणीचे पंप ठेवल्याच्या बातम्या राज्यभरातून येत राहिल्या. त्या बातम्यांत लोकांच्या मानसिकतेवर बरेच लिहून आले, बादलीवर कमी. पाण्यावाचून उभी केलेली खोली माणूस रिकामी ठेवत नाही; ती कोठी होते. म्हणजे भरपूर पाणी असेल तर शिंपले, मुळीच नसेल तर गोवऱ्या. तिसगाव या दोन टोकांच्या मध्ये येते. मुळा धरणावरून मिरी-तिसगाव प्रादेशिक योजनेचे पाणी आणायचे, बोअरचे उपसायचे, आणि दोन्ही आटले की टँकरची वाट पाहायची. अशा गावी न्हाणीघराचा गाभारा 200 लिटरच्या निळ्या ड्रमने अडवलेला असतो, आणि बाकीच्या वस्तूंना परिवारदेवतांप्रमाणे उरलेल्या कोपऱ्यांत बसावे लागते. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला 55 लिटरचा. पाच माणसांच्या घरात भरलेला ड्रम एक दिवसही पुरत नाही, म्हणून दुसरा येतो, मग टीप येते, मग कळश्या.

हा पसारा वाटत असेल तर त्याची वर्गवारी नीट पाहावी. कोणते पाणी नळाचे, कोणते बोअरचे, कोणते कधी भरले, कोणते पिण्याचे, कोणते भाजी धुऊन उरलेले आणि मोगऱ्याला जायचे, हे घरातल्या बाईला पाटी न लावता पाठ असते. इतकी चोख नोंदवही सरकारी वस्तुसंग्रहालयातही सापडणे कठीण. भांड्यांवर तर पाट्याही आहेत. आहेराच्या हंड्याच्या गळ्याशी बोट फिरवले तर यंत्राने टिपक्याटिपक्यांनी कोरलेली अक्षरे लागतात: कुणाकडून, कुणाला, गाव, तारीख. अर्ध्या टिपक्यांत साबण बसलेला असतो, तरी मामाचे नाव वाचता येते. तेव्हा मांडणी करताना एवढेच बघावे: नळाला पाणी आले आणि घरात धांदल उडाली की कोणती वस्तू भरायला पुढे ओढली जाते आणि कोणती पायात येते म्हणून शिव्या खाते. पहिलीला संग्रहात घ्यावे. दुसरी किती का महाग असेना, तिला खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर चढवावे.

किरकोळ शंका उरतात. देवाच्या तसबिरी न्हाणीघरात नकोत, यावर वाद नाही. पुढाऱ्यांच्या फोटोंची कॅलेंडरे चालतील का, हे ज्याने त्याने पक्ष बघून ठरवावे. चोरीची भीती बाळगू नये. इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्यातून सप्टेंबर 2019 मध्ये 18 कॅरेट सोन्याचा चालू कमोड चोरांनी उखडून नेला, आणि तुटलेल्या नळांमुळे राजवाड्यात पाणीच पाणी झाले. आपल्याकडे चोर आला तर पाण्याची मोटार नेईल. ‘गुणवंत पदाधिकारी’ लिहिलेल्या स्मृतिचिन्हाला तो हातही लावणार नाही.

राहिले उद्घाटन. पाहुणारावळा ओट्यावरच पाय धुऊन आत येतो, त्यामुळे संग्रहालयाला रोजचा प्रेक्षक मिळत नाही. मानाचा प्रेक्षक म्हणजे जावई. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा ऐन टंचाईत आला आहे. धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाला बादली मोजून देता येत नाही. तेव्हा किमान दोन दिवस आधी नळाचे पाणी वेगळे राखून त्यावर ताट झाकावे, घरच्यांनी बोअरच्या पाण्यावर भागवावे, तांब्या आहेराचाच द्यावा आणि सासऱ्याची स्मृतिचिन्हे त्याच्या बरोबर समोर येतील अशी लावावीत. तो बाहेर आल्यावर संग्रह कसा वाटला असे विचारू नये. ड्रममध्ये किती उरले ते आधी बघावे.