मेट्सचा चाहता आणि चक्रवाढ व्याज

मेट्स हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला बेसबॉलचा संघ. या संघाचा कारभार आपल्या हाती नाही, ही ज्याला केवळ एक तांत्रिक अडचण वाटते, तो मेट्सचा चाहता. क्वीन्स, लाँग आयलंड आणि न्यू जर्सी या पट्ट्यात तो मुबलक आढळतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही त्याची पैदास झाली असून या नोंदीसाठी नमुना म्हणून तिथलाच एक घेतला आहे, तो म्हणजे प्रस्तुत लेखक. पिचर जिथून चेंडू टाकतो तिथपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर 60 फूट 6 इंच आहे. नमुन्याने टाकलेला चेंडू तिथवर टप्पा न पडता पोहोचणार नाही, याबद्दल त्याच्या घरात एकमत आहे. तरीही कोणता पिचर कोणत्या इनिंगमध्ये दमला हे त्याला सोफ्यावरून कळते. डगआउटमध्ये बसलेल्या मॅनेजरला कळत नाही.

संघाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. डॉजर्स आणि जायंट्स हे न्यूयॉर्कचे दोन संघ 1957 चा हंगाम आटोपून कॅलिफोर्नियाला निघून गेले. मागे राहिलेल्या पोरक्या लोकांसाठी 1962 मध्ये मेट्स निघाला. निळा रंग त्याने डॉजर्सचा घेतला, नारिंगी जायंट्सचा. कौशल्य मात्र कोणाचेच घेतले नाही. पहिल्या हंगामात 40 विजय आणि 120 पराभव झाले. पुढे 1969 आणि 1986 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्यानंतरची वर्षे चाहत्याने मते बनवण्यात घालवली.

ही मते बारमाही असली तरी त्यांना ऋतू आहेत. हिवाळ्यात ती करारांबद्दल असतात. मार्चअखेरीपासून 162 सामने चालतात, तेव्हा ती रोजच्या रोज बदलतात. जुलैच्या अखेरीस ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपत येते तेव्हा चाहत्याच्या अंगात ताप असल्यासारखे वाटते. सप्टेंबरात मते संपतात आणि प्रार्थना सुरू होते. ती फारशी फळत नाही. 2007 मध्ये 17 सामने उरले असताना मेट्स 7 सामन्यांनी पुढे होते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मायामीच्या मार्लिन्सकडून हरून बाहेर पडले. 2008 मध्ये शेवटच्या दिवशी पुन्हा मार्लिन्सकडूनच हरले. 2025 मध्ये, हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर कबूल करून झाल्यावर, शेवटच्या दिवशी कोणाकडून हरले असतील हे सांगायला ज्योतिषी नको. संपूर्ण विश्वात आपल्याविरुद्ध एक कट चालू असून त्याचे मुख्यालय मायामीत आहे, असे नमुन्याचे मत आहे.

ट्रेडबद्दलच्या मतांची रचना ठरलेली असते. बातमी येते त्या दिवशी चाहता दोन मते तयार ठेवतो. एक घरी मांडतो, दुसरे ऑफिसात. नवा खेळाडू चमकला की घरचे मत चालते, आपटला की ऑफिसातले. दोन्ही ठिकाणी शेवटचे वाक्य एकच: ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’

जुन्या ट्रेडची दुःखे वारशाने मिळतात. डिसेंबर 1971 मध्ये मेट्सनी नोलन रायन नावाचा तरुण पिचर, वर आणखी तिघे देऊन, जिम फ्रेगोसीच्या बदल्यात कॅलिफोर्नियाला दिला. रायनने पुढे सात नो-हिटर टाकले, म्हणजे सात वेळा संपूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. 15 जून 1977 रोजी संघाचा लाडका टॉम सीव्हर सिनसिनाटीला गेला. त्याने वर्षभरानंतर तिथे एक नो-हिटर टाकला. खुद्द मेट्सच्या गणवेशातला पहिला नो-हिटर पाहायला मात्र 2012 चा जून उजाडावा लागला. रायन गेला तेव्हा नमुना नाशिकमध्ये जन्मलाही नव्हता. सांगताना तो असा सांगतो, की सामान बांधायला त्यानेच मदत केली होती.

तथापि या साऱ्या अभ्यासाचा कळस म्हणजे बॉबी बोनिला. या विषयाला नोंदीत दोन ओळी पुरल्या असत्या, पण नमुना त्यावर दोन ओळींत कधी थांबलेला नाही. 2000 साली मेट्सना बोनिला हा खेळाडू नको होता आणि त्याचे 59 लाख डॉलर देणे होते. ते तेव्हाच देण्याऐवजी 8 टक्के व्याजाने पुढे ढकलायचे ठरले. पहिला हप्ता 1 जुलै 2011 रोजी आणि शेवटचा 1 जुलै 2035 रोजी. दर वर्षी 11 लाख 93 हजार 248 डॉलर आणि वर 20 सेंट. एकूण रक्कम 2 कोटी 98 लाखांच्या घरात. बोनिला शेवटचा सामना 2001 मध्ये खेळला. शेवटचा हप्ता घेताना तो 72 वर्षांचा असेल. अमेरिकेत 1 जुलैला लोक या प्रकाराला पोट धरून हसतात.

नमुना हसत नाही. चक्रवाढ व्याज जो शाळेत छड्या खाऊन शिकला, तो या करारावर हसू शकत नाही. दर वर्षी त्या दिवशी तो कागद घेतो आणि मांडतो: मुद्दल 59 लाख, दर 8, मुदत 11 वर्षे, 2011 मध्ये होतात सुमारे 1 कोटी 37 लाख. त्यातून 25 हप्ते काढत गेले, की शेवटच्या हप्त्याला खाते बरोबर शून्यावर येते. म्हणजे मेट्सना कोणी लुबाडले नाही, त्यांनी फक्त कर्ज घेतले. घोळ दुसरीकडे होता. मालकांचे पैसे तेव्हा बर्नी मेडॉफ नावाच्या गुंतवणूक सल्लागाराकडे गुंतलेले होते, आणि तिथे 8 टक्क्यांहून बरेच जास्त सुटते असा समज होता. 2008 च्या डिसेंबरात मेडॉफचा घोटाळा उघडा पडला आणि तो समज सुटला. शिवाय, नमुना आवाज चढवून सांगतो, 2000 साली वाचलेल्या पैशामुळे माइक हॅम्प्टनसारखा महागडा पिचर परवडला. हॅम्प्टनने संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेले. तो कोलोरॅडोला गेला तेव्हा भरपाई म्हणून नवा खेळाडू निवडण्याची एक जादा संधी मिळाली, आणि त्या संधीतून डेव्हिड राइट आला. यावरून बोनिलाला दिलेला पैसा हा खरे तर राइटचा हुंडा होय, असा सिद्धांत निघतो. तो आजवर कोणी खोडलेला नाही, कारण तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो.

अपवाद नमुन्याच्या वडिलांचा. सहकारी बँकेत हयात काढलेल्या या गृहस्थांनी फोनवर सारे शांतपणे ऐकून घेतले.

‘आठ टक्के?’ ते म्हणाले. ‘कुठल्या बँकेत?’

‘बाबा, बँक नाही. बेसबॉलचा संघ आहे.’

‘असू दे. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त देतात का, तेवढं विचारून ठेव.’

आकडेमोडीची ही सवय लागली, की खेळाडू नावाने न दिसता रकमेने दिसू लागतात. अमुक द्यावा, तमुक घ्यावा, वर एक कोवळा पिचर मागावा, अशी भाषा चाहत्याच्या तोंडी बसते. नियमही त्याच भाषेतले आहेत. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने 1969 मध्ये सेंट लुइसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि 1972 मध्ये तो हरला. आज दहा वर्षे वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळून त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ‘मी जाणार नाही’ म्हणता येते. बाकीच्यांनी करारात तशी अट घालून घेतली नसेल, तर बॅग भरायची.

या बाकीच्यांतलाच एक विल्मर फ्लोरेस. त्याला व्हेनेझुएलातून मेट्सनी 2007 मध्ये करारबद्ध केले, तो त्याचा सोळावा वाढदिवस होता. 29 जुलै 2015 रोजी सामना चालू असताना त्याचा ट्रेड झाल्याची बातमी प्रेक्षकांच्या फोनवर आली. तो बॅट घेऊन आला तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवू लागले, आणि त्या टाळ्यांचा अर्थ त्याला खेळता खेळता कळत गेला. पुढच्या इनिंगमध्ये तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा होता. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो डोळे पुसायचा आणि चेंडू पडायच्या आत पुन्हा वाकून तयार व्हायचा. कॅमेरा त्याच्यावरून हलत नव्हता. या ट्रेडचे गणित नमुन्याने बातमी येताच सोडवून ठेवले होते. ते उत्तम होते. त्या रात्री ते कोणाला सांगावेसे त्याला वाटले नाही.

ट्रेड बारगळला. दोन दिवसांनी बाराव्या इनिंगमध्ये फ्लोरेसने होमरन मारून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचे ‘मेट्स’ हे नाव मुठीत धरून ओढले. त्या वर्षी संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. ती कॅन्सस सिटीकडून हरताना शेवटचा बाद झालेला खेळाडूही फ्लोरेसच.

नोव्हेंबर 2018 मध्ये मेट्सनी त्याला नवा करार देऊ केला नाही. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात असल्याचे निदान झाले होते. तोवर नमुना पूर्ववत झाला होता. या निर्णयाने किती पैसे वाचतात हे त्याने जेवताना घरच्यांना समजावून सांगितले. फ्लोरेसने 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून 23 होमरन मारले. 2025 च्या ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा 252 होमरनचा विक्रम मोडून पीट अलॉन्झो मेट्सचा सर्वकालीन होमरनवीर झाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो बाल्टिमोरला गेला. त्याबद्दल नमुन्याने एक मत घरी मांडले असून दुसरे ऑफिससाठी राखून ठेवले आहे.