बर्फाचा हिशेब

(टेबलावर बर्फ घातलेल्या थंड पेयाचा उंच ग्लास. शेजारी ताकाचं भांडं आणि मिठाची वाटी. नट ग्लास उचलतो, प्रकाशात धरतो, पण पीत नाही.)

मंडळी, एप्रिल लागला की अख्खा महाराष्ट्र एकाच सिद्धांतावर चालतो: अंग तापलंय ना, मग गार काहीतरी ओता! सिद्धांत सोपा आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. जरा हिशेब मांडू. शून्य अंशाचं एक लिटर पाणी पोटात गेलं, तर सदतीस अंशांवर येईपर्यंत ते अंगातली ३७ किलोकॅलरी उष्णता शोषतं. बास. आता म्हणाल, पाणी कशाला, आम्ही बर्फच चावतो! चावा. किलोभर बर्फ कडाकडा चावलात तर वितळताना तो आणखी ८० घेईल, आणि तुम्ही दंतवैद्याकडे जाल. उलट एक लिटर घाम कातडीवरून नुसता वाळला, तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे जो कामगार खरं काम करतो त्याला आपण पावडर लावून, रुमालानं पुसून हाकलतो, आणि सत्कार बर्फाचा करतो! माझं म्हणणं एवढंच आहे: उन्हाळ्यातलं खाणंपिणं गारव्यासाठी नसतं, घामाचा पगार भागवण्यासाठी असतं. आणि हा पगार पाणी आणि मीठ अशा दोनच नोटांत द्यावा लागतो.

(मिठाची वाटी उचलतो.) आपल्या आज्यांनी हे गणित मांडलं नव्हतं, पण उत्तर बरोबर आणलं होतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू बघा. भर उन्हात बायका घरोघरी फिरणार, आणि प्रत्येक घरी काय मिळणार? कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. त्या पन्ह्यात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, आणि कुणाच्या लक्षातही न येणारी मिठाची चिमूट. ती चिमूट चवीसाठी असते, असं आपण समजतो. पण १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली. त्यामागचं कारण असं, की आतड्यात साखरेबरोबर मीठ पटकन आत शिरतं आणि मिठामागोमाग पाणी जातं. म्हणून कुणी पन्ह्याला औषध म्हणू नये हं! आपण त्यात गूळ घालतो तो औषधाच्या मापानं नाही, पाहुण्यांच्या मापानं.

आता मागच्या रांगेतले मुंबईकर काका चुळबुळ करताहेत. त्यांचं म्हणणं, ‘आम्हाला बदाबदा घाम येतो, मग गार का वाटत नाही?’ बरोबर आहे काका. काम वाळणारा घाम करतो, ठिबकणारा नाही. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी. तिथे माठही गार होतो आणि माणूसही. मुंबईची हवा आधीच वाफेनं भरलेली. लोकलमध्ये तर माणसाला उभं राहायला जागा नाही, घामाला वाळायला कुठून मिळणार? तिथे पंखा हवा, सावली हवी, आणि फुकट वाहून गेलेल्या मिठापाण्याची भरपाई म्हणून ताक नाहीतर सोलकढी. चहावाल्यांनीही खूश व्हावं. २०१२ साली ओटावा विद्यापीठात सायकल मारणाऱ्यांना गरम पाणी पाजून बघितलं, तर घाम इतका वाढला की अंगात उष्णता कमी साठली. अट तीच, घाम वाळला पाहिजे. नागपूरच्या टपरीला विज्ञानाचा पाठिंबा आहे, दादरच्या टपरीला नाही!

(ताकात चिमूट टाकतो. थबकतो.) ‘आणि आमचं ब्लडप्रेशर?’ हा आक्षेप मात्र खरा आहे, त्यावर मी विनोद करणार नाही. एसीत बसून फाइली सरकवणाऱ्याला जेवणातलं मीठ पुरून उरतं. त्याला ताक अळणीसुद्धा चालेल. चिमूट हवी ती शेतात, बांधकामावर, डांबरी रस्त्यावर राबणाऱ्याला. ज्याला डॉक्टरांनी मीठ तोडलंय, त्यानं डॉक्टरांचं ऐकावं, नाटकवाल्याचं नाही. खिशातल्या कांद्याचंही तसंच. खिशात ठेवून तो फक्त खिशाचं रक्षण करतो. बुक्कीनं फोडून, मीठ लावून भाकरीशी खाल्ला तर कामाला येतो.

राहिला आमरस. (प्रेक्षकांत कुजबुज होईपर्यंत थांबतो.) आंबा उष्ण की थंड, या वादात मी पडत नाही, त्यात घरं मोडली आहेत. पण खाल्लेल्या अन्नातला साधारण दहावा हिस्सा ते पचवतानाच उष्णता होऊन अंगात सुटतो. भर दुपारी आमरस-पुरी, वर कुरडया, वर तूप, असं दीड हजार किलोकॅलरींचं ताट चेपलं, की दीडशेची शेगडी पोटात पेटली. ती विझवायला बर्फाचं पाणी चार लिटर! आणि मग हाच गृहस्थ दिवाणावर आडवा होऊन म्हणतो, ‘आज ऊन फार बाधलं.’ अहो, ऊन बिचारं खिडकीबाहेर होतं!

(अंधार.)