माळवदावरची माती

आमचं तलवाड्याचं घर अजून उभं आहे, यात आमचं कर्तृत्व काही नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर इतकी नावं लागलेली आहेत की, घर पाडायचं म्हटलं तर तेवढ्या सह्या एका कागदावर येणं शक्य नाही. सागवानाला वाळवी लागते, भिंतीला ओल लागते. भावकीच्या भांडणाला आजवर काही लागलेलं नाही. घराचा मधला खांब खरं तर तोच.

त्वरिता देवीच्या डोंगरामुळे आमचं गाव गेवराई तालुक्याबाहेरही लोकांना ठाऊक आहे. नवरात्रात पाहुणे देवीला येतात आणि मुक्काम आमच्या ढेलजेत टाकतात. घर निजामाच्या राज्यात बांधलेलं. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य गेलं, घर राहिलं आणि पेटीच्या तळाशी एक उर्दू कागद राहिला. हा कागद निघाला की जो तो त्यातून आपापला हिस्सा वाचून दाखवी. उर्दू कोणालाच येत नसल्यामुळे हे सोपं होतं. शेवटी एका जाणत्या म्हाताऱ्या मौलवींकडून तो वाचून घेतला, तर बैलजोडीच्या खरेदीची पावती निघाली. "मग त्या बैलांत बी माझा वाटा हाये," धाकटे काका तेवढ्यात म्हणालेच.

आता माळवद. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पालाचिखल आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आमच्या माजघरात माणूस सुखाने घोरू शकतो. शेजारच्यांनी स्लॅब टाकला आहे. ते आमच्या घराला 'पडकं' म्हणतात, पण दुपारी 'जरा चहाला' म्हणून येतात आणि त्याच पडक्यात उन्हं कलेपर्यंत पडतात. मोबाइलला मात्र या भिंतींतून रेंज मिळत नाही. पुतण्याला हा घराचा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो.

हा गारवा फुकट मिळत नाही. मृग निघायच्या आत माळवदावरचं गवत काढायचं, भेगांवर नवी माती ओढायची, पन्हाळीकडे उतार काढून धुमसाने धुमसून घ्यायची. त्यासाठी माणसं हवीत. आमच्याकडे कारखाने पेटले की निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाते ती उन्हाळ्यातच परतते. मग अक्षय्य तृतीया ते मृग एवढ्याच काळात लग्नं, शेताची मशागत आणि घरांची डागडुजी एकमेकांच्या अंगावर पडतात. मिस्त्री शोधायला निघावं तर तो सापडतो कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, आणि तिथून उठवणं माणुसकीला धरून होत नाही.

दरवर्षी माती टाकायची. काढत कोणी नसे. आजोबांनी टाकली, नानांनी टाकली, आण्णांनी नानांपेक्षा जास्त टाकली, कारण गावाने बघायला हवं. म्हणजे घराची काळजी जितकी घेतली जाई, तितका झोपणाऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा वाढे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गेली. त्यानंतर साऱ्या मराठवाड्याने माळवदाकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. कितीतरी घरांवर पत्रे आले. आमच्या घरीही पत्र्याचा ठराव झाला. सह्यांअभावी तो बारगळला.

जाणकार इंजिनिअर मंडळींचं म्हणणं तेव्हापासून साधं आहे : वरचा मातीचा थर कमी करा, खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यांत तिरपे आधार ठोका, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा. घर पाडायची गरज असतेच असं नाही. हे पुतण्याने सांगितलं तेव्हा मिस्त्रीने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "कामून ताप करून घेता मालक? सगळ्याला शिमिट मारून टाकू. पन्नास वर्सं बघायचं काम न्हाई."

हे पन्नास वर्षांचं काम काकांच्या खोलीत आधीच झालेलं होतं. सिमेंट मारलेली भिंत पहिल्या वर्षी गुळगुळीत होती, पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरले, त्यानंतर लोणा लागून खालचा भाग भुरूभुरू गळायला लागला. मातीची भिंत ओल आत घेते आणि उन्हात बाहेर सोडते. तिचं तोंडच बंद केल्यावर ती ओल जाणार कुठे? काकांच्या मते ती आमच्या पन्हाळीतून आलेली होती.

अखेर गेल्या उन्हाळ्यात माती उतरवायचं ठरलं. काही पाडायचं नसल्यामुळे सह्या लागत नव्हत्या, तरी रीत म्हणून सगळ्यांना निरोप धाडले. कोणी आलं नाही. एकाची कंबर धरली, एकाला तारीख होती, आत्याचा नातू दहावीला होता. माळवदावर खोरी पडली, अंगणात ढीग वाढू लागला आणि गावात कोणीतरी बोललं की जुन्या घराची पांढरी शेतात खतासारखी चालते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात ट्रॅक्टर उभा. वर कंबर धरलेले काका. त्यांच्या मागे तारीखवाले. दहावीचा नातू स्वतः फावडं मारत होता. कोणाच्या वाट्याला किती ट्रॉल्या यावर दुपारपर्यंत वाद रंगला. काकांचं म्हणणं, त्यांच्या खोलीवरची माती वेगळी मोजावी.

तुळया आता हलक्या झाल्या आहेत. तिरपे आधार बसले, काकांच्या खोलीचं सिमेंटही खरवडून चुन्याचा गिलावा केला. खर्चाच्या हिशोबाला मात्र ट्रॅक्टरवाल्यांपैकी अजून कोणी फिरकलेलं नाही.

मागच्या परसात अजून थोडा ढीग पडून आहे. वाचकांपैकी कोणाला हवी असल्यास मृगाच्या आत ट्रॉली घेऊन यावं, माती फुकट मिळेल. मात्र माती नेल्याने नमुना आठवर नाव लागत नाही, एवढं नेणाऱ्याने आधी लिहून द्यावं.