ताठ तारेचा हट्ट

डोलवीत पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे, म्हणून परसातल्या झिपलाइनची तार आपोआप मजबूत होत नाही. ती कपड्यांच्या दोरीसारखी ताठ हवी, हा तर घरोघरचा हट्ट. गणित उलटं आहे: 20 मीटर तारेच्या मध्यावर 30 किलोचं पोर लटकून अर्धा मीटर झोल पडला, तर ताण सुमारे 300 किलोचा, झोल 10 सेंटीमीटरच असेल, तर दीड टनाचा. तो सोसायचा कुणी? ठिसूळ शेवग्याने!

‘आम्ही चिंचेला दोर बांधून झोके घेतलेच की,’ असं आजोबा म्हणतील. खरंय, पण झोका मागे फिरतो, झिपलाइन समोरच्या खोडावर जाते. तिथे ब्रेक हवा. ब्रेकऐवजी खोडाला गादी बांधणाऱ्यांनी आधी स्वतः आपटून पाहावं. आणि हिशेबात वजन काकांचं धरावं. पोरं झोपल्यावर तेच चढणार आहेत.